कलदाराच्या इतिहासात हाली शिक्का

मराठीतल्या आर्थिक इतिहासाच्या परंपरेत दोन विद्यार्थी-प्रबंधांचे स्थान मोठे आहे. डॉ. आंबेडकरांचा प्रांतिक वित्तावरचा कोलंबियातला प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आला. धनंजयराव गाडगीळांचा औद्योगिक उत्क्रांतीवरचा केंब्रिजमधला प्रबंध १९२४ मध्ये. आंबेडकरांनी शीर्षकातच ‘ब्रिटिश भारत’ म्हटले. पुढे सुमित गुहांनीही १८१८ ते १९४१ या काळावरच्या आपल्या ग्रंथाला ‘बॉम्बे डेक्कन’ अशी मर्यादा घातली. लेखकांनी आखलेली सीमा पुसली ती आपल्या अध्यापनाने. मुंबई इलाख्याचा इतिहास हाच महाराष्ट्राचा इतिहास म्हणून शिकवला जातो.

जालन्याच्या विद्यार्थ्याला याचा फटका बसतो. एम.ए.ला तो १८७५ चे सुपे येथील दंगे आणि १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा पाठ करतो. पण त्याच्या पणजोबांना तो कायदा लागूच नव्हता. ते निजामाची रयत होते. इथला महसूल फसली सनात मांडला जाई, वरिष्ठ दप्तर उर्दूत असे. कापूस मुंबईकडे निघाला की संस्थानच्या हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. नाणेही वेगळे होते. साधारणपणे सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. म्हणजे जालन्यातला सत्तर रुपयांचा भाव मुंबईच्या हिशेबात साठच. हे रूपांतर न करता दोन्ही बाजारांचे भाव एका तक्त्यात मांडणारा प्रबंध पहिल्याच पानावर चुकतो.

मराठवाड्यातले लेखनही निर्दोष नाही. १९४८ पूर्वीच्या काळाबद्दल आपण मुख्यतः मुक्तिसंग्रामाच्या अंगाने लिहिले. ते आवश्यकच होते. पण जुलमाची कथा सांगताना सारा, व्याज, भाव आणि मजुरी यांचा हिशेब मागे राहिला. केशव अय्यंगारांची १९२९-३० ची संस्थानातील आर्थिक पाहणी किती अभ्यासक्रमांत वाचली जाते?

हा प्रश्न केवळ विद्यापीठाचा नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजून दिला. मात्र त्यातला किती भाग संस्थानी काळातून आला आणि किती १९५६ नंतर, मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात साचला, हे केवळ आजच्या आकड्यांवरून ठरत नाही. तो हिशेब नसल्यामुळे एक पक्ष सगळे खापर निजामावर फोडतो, दुसरा मुंबईवर. आणि दोघांनाही पुरावा विचारणारा कोणी नसतो.

उपाय अवघड असला तरी अशक्य नाही. १९८१ मध्ये औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून जालना जिल्हा झाला; म्हणून अभ्यासकाला दोन्हीकडची दप्तरे पाहावी लागतील, हैदराबादचे अभिलेखागारही गाठावे लागेल. संख्याशास्त्राबरोबर मोडी आणि उर्दू शिकावी लागेल. अर्थशास्त्र विभाग याला इतिहास म्हणतो, इतिहास विभाग अर्थशास्त्र. ही टोलवाटोलवी थांबवून एखाद्या मार्गदर्शकाने जालन्याच्या पन्नास वर्षांच्या कापूसभावांचा विषय विद्यार्थ्याला द्यावा. हाली आणि कलदार असे दोन रकाने आखून सुरुवात करता येईल.