जात्याचा दगड आणि जात्याचे गाणे

जुन्या, हाताने घडविलेल्या वस्तूंची ओढ अलीकडे वाढली आहे. जळगाव-धुळ्याकडच्या नव्या घरांत पितळी हंडा कोपऱ्यात झळकतो, जात्याच्या तळीत फुलझाड लावले जाते, आजीची गोधडी भिंतीवर चढते. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबेही याला अपवाद नाहीत. ही ओढ निव्वळ हौस म्हणून झटकून टाकावी असे आम्हांला वाटत नाही. तिची पारख मात्र केली पाहिजे, आणि त्यासाठी खानदेशातच एक कसोटी आहे : बहिणाबाई चौधरींची कविता.

असोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई निरक्षर होत्या. काम करता करता त्यांना सुचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने आली. जळगावच्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातील वस्तू आज जपल्या आहेत. त्या अवश्य पाहाव्यात. पण त्या पाहण्याची दृष्टी कवितेतूनच घ्यावी.

‘घरोट’ या कवितेत बहिणाबाई जात्याशी बोलतात. पिठाचे पडणे आणि गाण्याचे ओठी येणे यांची तेथे सांगड आहे; परंतु तेवढ्यावर कविता थांबत नाही. दळणारीला घाम फुटतो, दगडही झिजतो. वस्तू आणि माणूस एकमेकांसाठी झिजतात, हे त्या नात्याचे मर्म होय. दिवाणखान्यातल्या जात्यापाशी नेमका हा घामच नसतो. पहाटे उठून दळणाऱ्या सासुरवाशिणीचे कष्ट वगळून उरते ती केवळ शोभा. विजेची गिरणी आली तेव्हा बायांचे खांदे सुटले, हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाणे हा त्या बायांवर अन्याय आहे.

मग हातच्या वस्तूंचे मोल कशात? फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये भरलेले काँग्रेस अधिवेशन येथे आठवते. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. नंदलाल बोस यांनी ती नगरी बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून सजविली. तेथे बांबू जुना म्हणून सुंदर नव्हता. गावच्या हातांना तो वळविता येत होता, म्हणून सुंदर होता. धुळ्याचे उदाहरण वेगळे, पण बोध तोच. इतिहासाचार्य राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस तेथे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुने कागद तेथे जपले गेले ते वाचण्यासाठी, चौकटीत घालून मिरविण्यासाठी नव्हे.

वस्तू जपण्याचा खरा अर्थ तिला काम देणे, असे आम्ही म्हणतो. यावर कोणी विचारील, ‘मग आज जाते ओढायचे काय?’ तसे मुळीच नाही. ज्या वस्तूचे काम संपले ती स्मृती म्हणून आदराने ठेवावी, आणि मुलांना तिच्यामागचे कष्टही सांगावेत. पण ज्यांचे काम संपलेले नाही त्या वस्तूंचे काय? खानदेशातले मांडे आजही उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजले जातात. ते खापर घडविणारा कुंभार आणि सूप विणणारा बुरूड आपल्याच बाजारात बसतात. शहरातल्या प्रदर्शनात ‘हस्तकला’ अशी चिठ्ठी लावलेल्या टोपलीला सांगितली ती किंमत मोजणारे आपण बुरुडाशी मात्र दोन-पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. या विसंगतीत आपल्या रसिकतेची परीक्षा होते आणि तीत ती उतरत नाही.

वस्तूवर प्रेम करून तिच्या कारागिराला नाडणे, याला आम्ही रसिकता म्हणणार नाही. येत्या आखाजीला नवे खापर घ्याल, तेव्हा घासाघीस न करता घ्या. भिंतीवर टांगलेल्या दहा जुन्या वस्तूंपेक्षा चुलीवर चढलेले ते एक खापर हाताच्या कलेची अधिक बूज राखील.