जिज्ञासू बालक आणि ज्ञानग्रंथ : कुंभकोणमच्या निमित्ताने

मराठीत बालवाङ्मयाचा विचार प्रायः कथा, कविता आणि नाट्य यांच्यापुरताच झाला आहे. मुलांसाठी लिहिलेली विज्ञान, गणित वा भूगोल यांवरील पुस्तके शालोपयोगी ठरवून शिक्षकांकडे सोपविली जातात. त्यांतील माहिती अचूक आहे ना आणि भाषा सुबोध आहे ना, एवढ्या दोन प्रश्नांवर त्यांचे परीक्षण संपते. हे दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत; परंतु जिज्ञासू मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न त्यांच्या पुढचा आहे. पुस्तक वाचून झाल्यावर त्याच्या बुद्धीला स्वतः करण्याजोगे काही उरते की नाही, हा तो प्रश्न होय. कावेरीकाठच्या तंजावर-कुंभकोणम परिसराच्या इतिहासात या प्रश्नाची दोन अत्यंत भिन्न उत्तरे सापडतात आणि त्यांपैकी एक मराठीतले आहे.

तंजावरचे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८–१८३२) पाश्चात्त्य विद्यांचे चोखंदळ अभ्यासक होते. त्यांच्या आश्रयाने सख्खन पंडितांनी केलेले इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने १८०६ साली तंजावरात छापले गेले. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून लक्षणीय आहे ते सरफोजींच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री नायिकेपुढे येते आणि आपल्या मुलखाचे, पाहिलेल्या स्थळांचे वर्णन गाते, हा त्यातील रूढ संकेत. या संकेताचाच उपयोग करून सरफोजींनी कुरवंजीच्या मुखातून पृथ्वीचा भूगोल वदविला. नाटक बालकांसाठीच रचले होते, असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि ज्ञान रंजक कसे करावे याचा हा उत्तम नमुना आहे. येथे कथेचा मुलामा वरून दिलेला नाही. देशोदेशी हिंडणाऱ्या स्त्रीने देशांचे वर्णन करणे हे त्या प्रकाराच्या प्रकृतीतच आहे. उणीव आहे ती वेगळीच. पृथ्वीवर काय काय आहे, ते श्रोत्याला कळते. ते मनुष्याला कसे कळले, हा प्रश्न मात्र गीतात उद्भवत नाही.

दुसरे उत्तर तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील कुंभकोणमचे आणि तेथील टाउन हायस्कूलच्या एका विद्यार्थ्याचे आहे. श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांनी शालेय वयातच लोनीचे त्रिकोणमिती हे पुस्तक आत्मसात केले होते. १९०३ साली एका मित्राच्या मध्यस्थीने गावच्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील जॉर्ज कार यांचा ‘सिनॉप्सिस’ हा ग्रंथ त्यांच्या हाती आला. कार हे विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी शिकविणारे खाजगी शिक्षक. त्यांच्या ग्रंथात सुमारे पाच हजार सिद्धान्त क्रमाने मांडले आहेत. सिद्धता बहुधा नाहीत, असल्या तर केवळ सूचनारूप. रंजकता, चित्रे, लाडिक संबोधने यांचा त्यात मागमूसही नाही. मुलांसाठी तो लिहिलेलाच नव्हता. असे असूनही या पुस्तकाने त्या मुलाला जे दिले, ते कोणत्याही क्रमिक पुस्तकाने दिले नाही. प्रत्येक विधान त्याच्यासाठी एक अपुरे राहिलेले काम ठरले आणि ते पुरे करता करता तो पुस्तकाच्या पलीकडे गेला.

या उदाहरणावरून रूक्षता हाच गुण होय, असा निष्कर्ष काढणे मात्र अविचाराचे ठरेल. गणिताच्या या ध्यासात इतर विषय मागे पडले आणि रामानुजन यांना महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गमवावी लागली. सिद्धता म्हणजे काय, याची त्यांची कल्पना पुढेही अस्पष्टच राहिली, असे हार्डी यांचे मत होते. ज्या ग्रंथाने प्रेरणा दिली, त्याच ग्रंथाची मर्यादा वाचकाच्या विचारपद्धतीत उतरली, असे मानण्यास जागा आहे. शिवाय असा वाचक शतकातून एखादाच. त्याच वर्गातील इतर मुलांच्या हाती तो ग्रंथ पडता, तर त्यांनी दोन पाने उलटून तो परत केला असता.

तेव्हा मुलासाठी लिहिणाऱ्याने काय करावे? मायकेल फॅरडे यांनी १८६०–६१ च्या नाताळात लंडनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर दिलेली व्याख्याने याचे उत्तर देतात. ज्योत का जळते, मेण कोठे जाते, ज्योतीवर थंड भांडे धरले असता त्यावर पाणी का जमते, असा त्यांचा क्रम आहे. निष्कर्ष प्रयोगानंतर येतो आणि तो प्रयोग मुलाला घरी करून पाहता येतो. कुरवंजीची सहजता आणि कारने वाचकाच्या बुद्धीवर टाकलेला भार यांचा येथे मेळ बसला आहे.

मराठीत ज्ञानप्रसाराची परंपरा नाही, असे नव्हे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ १८४० सालचे, पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ १९२८ सालचे. ‘कुमार विश्वकोश’ही मराठीत सिद्ध झाला आहे. तमिळमध्ये पेरियसामी तूरन यांच्या संपादनाखाली मुलांसाठी दहा खंडांचा ज्ञानकोश १९६८ ते १९७६ या काळात पूर्ण झाला. कोशाचे कार्य उत्तर देण्याचे आहे आणि ते त्याने चोख करावे. दोष आहे तो पुस्तकानेही कोशाचेच काम करण्यात. संवादरूप विज्ञानपुस्तकांतील भाचा मामाला नेमके तेच प्रश्न विचारतो, ज्यांची उत्तरे मामाजवळ तयार असतात. त्या भाच्याला एकही शंका अधिक सुचत नाही, मामाही कधी अडत नाही. अशा पुस्तकात जिज्ञासेचे सोंग असते, जिज्ञासा नसते.

म्हणून समीक्षेने अशा पुस्तकांना साहित्यकृतीइतक्याच गांभीर्याने दोन प्रश्न विचारले पाहिजेत : सांगितलेली गोष्ट कशी कळली हे पुस्तक दाखविते काय, आणि वाचकाने स्वतः शोधावे असे काही त्यात शिल्लक ठेवले आहे काय? ही कसोटी लागू झाल्यास पुष्कळ गोजिरवाणी पुस्तके बाजूला पडतील. परंतु जी उरतील, ती कुंभकोणमच्या त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या वर्गातल्या इतर मुलांनाही उपयोगी पडतील.