हजेरीपट नेमकं काय मोजतो?

‘पालकांचा सहभाग आणि विद्यार्थ्यांची संपादणूक’ या धाटणीचे विषय शिक्षणशास्त्राच्या संशोधनात नेहमीचे. सहभाग मोजायची सोपी पद्धतही ठरलेली: पालकसभा, स्नेहसंमेलन, क्रीडादिन यांना पालक किती वेळा आले ते मोजा. आकडा कमी आला की निष्कर्षात ‘पालकांची उदासीनता’ आणि शिफारशींत ‘पालक प्रबोधन’. माझा आक्षेप या मोजमापावर आहे.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सोडिअम हायड्रॉक्साइड उघड्यावर ठेवून तोललं, तर काटा खोटं बोलत नाही. पण त्या वजनात हवेतला ओलावाही आलेला असतो. हजेरीपटाचं तसंच आहे. नोंद खरी असते. पण तिच्यात आस्थेबरोबर रजाही तोलली जाते.

डोंबिवलीचं उदाहरण घ्या. समजा, कामाच्या दिवशी सकाळी ११ ला पालकसभा आहे. डोंबिवली ते सीएसएमटी अंतर सुमारे ४८ किलोमीटर. फोर्टमध्ये नोकरी करणारी आई सभा उरकून लोकल पकडेल, तेव्हा तिचा अर्धा दिवस गेलेला असेल. एमआयडीसीत पहिल्या पाळीला असलेल्या बाबांना पाळी बदलून घ्यावी लागेल. घरकाम करणाऱ्या ताईंचा तर खाडाच. याउलट राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. चौघींना मुलांची काळजी सारखीच असली, तरी हजेरी सारखी येणार नाही.

आता कायदे शेजारी-शेजारी ठेवून वाचा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत. म्हणजे पालकाने शाळेत यावं, ही कायद्याचीच अपेक्षा आहे. पण त्यासाठी लागणारा वेळ? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत. ताप, लग्न, बँकेचं काम, सगळं त्यातच. लहान दुकानांना ही तरतूद लागूच होत नाही. शाळेच्या कार्यक्रमासाठी वेगळी रजा त्यात नाही. कॅलिफोर्नियात २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पालकांना शाळेच्या कामांसाठी वर्षाला ४० तासांपर्यंत सुटी घेता येते. मात्र तो वेळ पगारी असेलच असं नाही. त्यामुळे रोजंदारीवरच्या माणसाचा प्रश्न तिथेही पूर्ण सुटत नाही.

यावर कोणी म्हणेल, “काही पालक खरंच बेफिकीर असतात.” असतातच. पण ते कोणते, हे हजेरीपटावरून कळत नाही, एवढाच मुद्दा आहे. अ‍ॅनेट लारो यांनी ‘होम अ‍ॅडव्हांटेज’ (१९८९) मध्ये कामगारवर्गीय आणि उच्च-मध्यमवर्गीय पालकांची तुलना केली. मुलांनी शिकावं ही इच्छा दोन्हीकडे होती. शाळेशी जोडून घेण्याची साधनं मात्र सारखी नव्हती. हिल आणि टायसन यांच्या २००९ च्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये माध्यमिक टप्प्यावर संपादणुकीशी सर्वांत ठळक संबंध दिसला तो शिक्षणाचं मोल, अपेक्षा आणि पुढची स्वप्नं यांबद्दल मुलांशी बोलण्याचा. शाळेत हजर राहण्याचा संबंध त्यापेक्षा कमी होता. हे बोलणं रात्री साडेनऊला घरी पोहोचलेली आईसुद्धा करते. त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये होत नाही.

मग तुमच्या आराखड्यात काय बदलाल? हजेरी टाकून देऊ नका. पण प्रश्नावलीत चार प्रश्न वाढवा: सभा कोणत्या वारी, किती वाजता होती? यायला किती तास आणि किती मजुरी गेली? रजा मागितली होती का, मिळाली का? आई-बाबांऐवजी आजी किंवा काका आले का? घरातला सहभाग वेगळा मोजा. जमलं तर त्याच पालकांची कामाच्या दिवसाची आणि रविवारची हजेरी ताडून पाहा. रविवारी आकडा वाढला, तर तुमच्या ‘उदासीनते’त रजेचा प्रश्न किती मिसळला होता, याचा अंदाज येईल.

हे केवळ व्हायव्हात सुटण्यासाठी नाही. ‘उदासीन’ हा शिक्का बसला की शाळा पालकांना भाषण देते. ‘वेळ नाही’ असं दिसलं तर सभेची वेळ बदलता येते. दोन्ही शिफारशी एकाच हजेरीपटावरून निघू शकतात. कोणती लिहायची, हे तुम्ही प्रश्नावली छापायच्या आधीच ठरत असतं.