‘तर्कुभ्रामि’ : कौटिलीय वज्रपरीक्षेंतील एक पाठ

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, अकराव्या अध्यायीं, उत्तम हिऱ्याच्या लक्षणांत ‘भाजनलेखि’ व ‘तर्कुभ्रामि’ अशीं दोन पदें येतात. पहिल्याचा अर्थ भांड्यावर रेघ ओढणारा; त्याविषयीं फारसें बोलावयास नको. दुसऱ्याविषयीं मात्र मतभेद आहे. शामशास्त्री यांनीं १९१५ च्या इंग्रजी भाषांतरांत ‘कुभ्रामि’ एवढेंच पद धरून ‘प्रकाश वांकविणारा’ असा अर्थ केला. कंगले यांनीं १९६० च्या आवृत्तींत ‘तर्कुभ्रामि’, म्हणजे चातीसारखा फिरणारा, हा पाठ स्वीकारला.

कंगल्यांचा पाठच आम्हांस ग्राह्य वाटतो. पोथींत अक्षरें सलग असतात, तीं कोठें तोडावीं हें वाचणारानें ठरवावयाचें. पण ‘कुभ्रामि’ तोडून त्यांत प्रकाश कोठून आला हें कळत नाहीं. शिवाय तेजवाचक ‘भ्राजिष्णु’ हें पद लगेच पुढें आहेच. उलट चातीचा अर्थ ‘समकोटिक’ या लक्षणाशीं नीट जुळतो. आठ पृष्ठांचा, सारख्या टोंकांचा खडा टोंकावर फिरविला तर डगमगत नाहीं.

मात्र चाती दिसतांच गिरमिट आठवून, कौटिल्यास हिऱ्याचें हत्यार ठाऊक होतें असें या एका शब्दावरून म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. हें प्रकरण कोशाध्यक्षाचें आहे, कारागिराचें नव्हे.

हत्यार शोधावयाचें तें टाकाऊ मालांत. कोन गेलेला, धारा नसलेला, एका अंगास वांकडा हिरा कौटिल्य अप्रशस्त ठरवितो. त्याचें पुढें काय होई तें सांगत नाहीं. पण खोट असली तरी कठिणपणा जात नाहीं, व फुटलेल्या कणीची धार तर कामाचीच. हिरकणी म्हटली कीं आपल्याकडे विषच आठवतें. (तो समज खोटा असल्याचें गार्सिया द ओर्ता यानें गोव्यांत १५६३ सालींच छापलें होतें.) कोरीव काम करणारे कारागीर हिऱ्याच्या कणी लोखंडांत बसवितात असें प्लिनीनें इसवीच्या पहिल्या शतकांत लिहिलें आहे. खंबायतेस अकीकाचे मणी विंधणारे पोलादी सळईच्या टोंकास दोन बारीक कणी बसवून ती कमानीनें फिरवितात. १९८८ सालीं गोरेलिक व ग्विनेट यांनीं जुन्या मण्यांच्या छिद्रांचे ठसे घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. त्यांतील बारीक, सारख्या अंतराच्या वळ्यांवरून त्यांनीं हिऱ्याचें टोंक ओळखलें. यंत्रशाळांत अशाच हलक्या हिऱ्यास ‘बोर्ट’ म्हणत व त्याचा भुगा घांसण्यास वापरीत. १९५५ सालीं कृत्रिम हिरा जाहीर झाला, तेव्हांपासून ती जागा बहुतेक त्यानेंच घेतली आहे.

तेव्हां या प्रश्नाचा पुरावा रत्नशास्त्राच्या पोथीपेक्षां मण्याच्या छिद्रांत अधिक आहे. आमचे संग्राहक मित्र पोथीस रुमालांत बांधतात आणि मणी ओंवावयास देतात! ओंवणारा दोरा जाड असला कीं छिद्र रुंद करतो, व दोन हजार वर्षांचे वळे एका दुपारीं पुसले जातात. तसें करूं देऊं नये. जव्हेरी घराण्यांच्या वह्या चाळतांना ‘कणी’, ‘भुगा’ अशा किरकोळ बाबींचीं पानें आढळल्यास तींही बाजूस ठेवावीं.