कोकणची कादंबरी आणि मराठवाड्यातील तरुण वाचक : आस्वादासंबंधी काही विचार

प्रास्ताविक

मराठी कादंबरीच्या अध्यापनात 'प्रादेशिक कादंबरी' ही संज्ञा रूढ होऊन सात दशकांहून अधिक काळ लोटला आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'एल्गार' (१९४९), 'हद्दपार' (१९५०) आणि 'गारंबीचा बापू' (१९५२) या कादंबऱ्यांमुळे ती स्थिरावली. पुढे माणदेशातील 'बनगरवाडी' (१९५५), वऱ्हाडातील 'धग' (१९६०) आणि मराठवाड्यातील 'पाचोळा' (१९७१) यांची चर्चाही बव्हंशी याच परिभाषेत होत राहिली. भूप्रदेश, निसर्ग, बोली आणि लोकजीवन हे चार मुद्दे लिहिले की प्रश्नाचे उत्तर पूर्ण झाले, अशी विद्यार्थ्यांची समजूत आहे. आणि ती आपण अध्यापकांनीच करून दिलेली आहे.

या परिभाषेत एक वाचक गृहीत धरलेला असतो. तो पुण्या-मुंबईचा सुशिक्षित वाचक होय. कोकणातील लाल माती, पोफळीच्या बागा, खाडी हे सारे त्याला अपरिचित आणि म्हणूनच रमणीय वाटते. परंतु वाचक स्वतःच दुसऱ्या एखाद्या 'प्रदेशा'तील असेल तर काय होते? पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड अशा तालुक्यांतून छत्रपती संभाजीनगरला शिकावयास आलेला विशीतील विद्यार्थी पेंडसे, खानोलकर, दळवी यांचे लेखन वाचतो तेव्हा त्याला नेमके काय आवडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वर्गातील व ग्रंथालयातील संभाषणे एवढाच या लेखाचा आधार असून सर्वेक्षणाचा दावा येथे केलेला नाही. 'मला ही कादंबरी आवडली' हे वाक्य उत्तरपत्रिकेत आढळले की आपण त्याखाली लाल रेघ मारतो. त्या वाक्याकडे थोडे थांबून पाहावे, एवढाच हेतू आहे.

चित्रपटातून कादंबरीकडे

अलीकडे पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या दोन खंडांच्या कादंबरीची विचारणा करणारे विद्यार्थी अधूनमधून भेटतात. यामागे कोणत्याही समीक्षकाची शिफारस नाही. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये प्रदर्शित झाला, त्याचा हा परिणाम होय. चित्रपटाने कादंबरीकडून घेतले ते केवळ नाव. त्यातील भयाची बीजे शोधावयाची तर नारायण धारपांच्या भयकथेकडे जावे लागते. साहजिकच हस्तराच्या शोधात आलेला वाचक पहिल्या काही प्रकरणांतच गोंधळतो. येथे हस्तर नाही, सोन्याची नाणी बाळगणारा राक्षस नाही. जगबुडी नदीच्या काठचे एक खोत घराणे आणि त्याच्या पिढ्या आहेत. बहुतेकजण पहिला खंड आठवडाभरात परत करतात, हे मान्य केले पाहिजे.

तथापि काहीजण तो ठेवून घेतात. वैजापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने दिवाळीच्या सुटीपूर्वी दुसरा खंड मागितला. काय आवडले, असे विचारता ती म्हणाली, "मॅडम, यांच्या घरात भूत नाही, भाऊबंदकी आहे. आमच्याकडं तीच जास्त भ्या दाखवते." प्रादेशिकतेच्या चार मुद्द्यांपैकी एकही मुद्दा या उत्तरात आलेला नाही. मराठवाड्यात खोती पद्धत नव्हती. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि येथील सत्तेची खूण पाटील-देशमुखांची गढी ही होती. परंतु पडकी गढी आणि तिच्या वाटणीचे तंटे पाहत वाढलेल्या मुलीला खोतांच्या वास्तूची पडझड समजावून सांगावी लागत नाही. तिने कोकण नवलाईने पाहिले नाही, ओळखीने पाहिले.

पाऊस वगळून वाचणारे वाचक

कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर मराठवाड्यात सातशेच्या आसपास. तेव्हा येथील वाचकास कोकणी पावसाची वर्णने विशेष भावतील, असा प्रस्तुत लेखिकेचा अंदाज होता. तो चुकला. अनेक विद्यार्थी ती पाने चक्क ओलांडतात. उलट एकाने विचारले की, एवढा पाऊस पडत असताना तिकडची माणसे मुंबईला का जातात? कोकणच्या कादंबरीविषयी इतका मूलभूत प्रश्न समीक्षाग्रंथांत क्वचितच आढळतो. दुष्काळ म्हणजे पाणी नसणे, अशी व्याख्या घेऊन आलेल्या या मुलाला डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीतील तुकड्या-तुकड्यांची जमीन, तिच्यावरील खोताचा हक्क आणि गिरणी व गोदी यांच्या पगारावर चालणारी गावाकडची चूल यांचा संबंध कादंबऱ्यांतूनच जुळवावा लागला.

तो जुळल्यावर त्याला चाकरमानी समजला. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणारी आणि उन्हाळ्यात परतणारी बीड जिल्ह्यातील कुटुंबे त्याने पाहिली आहेत. कोकणातला माणूस मात्र गणपतीला आणि शिमग्याला येतो तो पाहुण्यासारखा. एक स्थलांतर सहकुटुंब, दुसरे पुष्कळदा एकट्या पुरुषाचे. म्हणून कोकणच्या कथेत मागे राहिलेल्या बायका इतक्या आहेत, हे निरीक्षण वर्गातूनच पुढे आले. पेंडशांच्या 'रथचक्र' (१९६२) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरीतील, मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबाशी झगडणाऱ्या स्त्रीचे वाचन यानंतर अधिक आस्थेने झाले. जयवंत दळवींचे 'चक्र' (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' (१९६९) या कादंबऱ्या मुंबईच्या झोपडपट्टीत घडतात म्हणून आपण त्या महानगरीय साहित्यात ढकलतो. कोकणच्या लेखकांनी लिहिलेल्या या कादंबऱ्यांना कोकणाच्या वाटेवरचा पुढचा मुक्काम मानावे, असे या चर्चेनंतर वाटू लागले.

चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'चानी'चा अनुभव मात्र वेगळा होता. गोऱ्या बापापासून झालेली, जन्मामुळेच गावाने बहिष्कृत केलेली ही मुलगी आणि तिची कहाणी सांगणारा दिनू हा लहान मुलगा यांच्याविषयी मुलांनी फारसे काही सांगितले नाही. पण ती कादंबरी बरेच दिवस हातोहात फिरत होती. वेंगुर्ल्याच्या परिसरातले हे लेखन नियती, पाप, आदिम भय अशा जड शब्दांनी आपण शिकवतो. त्या शब्दांची या मुलांना गरज भासली नाही. एखाद्या घराशी पाणी न घेणारे गाव म्हणजे काय, हे त्यांच्यातील कित्येकांना ठाऊक होते.

बोलीची अडचण असते, परंतु ती सांगितली जाते तितकी मोठी नाही. डोळ्यांनी अडखळणारा मालवणी संवाद मोठ्याने वाचला की उलगडतो. आणि चुकीच्या हेलात वाचताना वर्गाला हसू आले तरी बिघडत नाही.

खोत आणि कूळ

या आस्वादाला एक कठीण प्रश्नही चिकटून आला. 'तुंबाडचे खोत' मनापासून वाचलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "बाबासाहेबांनी ज्या खोतीविरुद्ध बिल आणलं, तेच हे खोत ना? मग कुळं कुठं आहेत?" डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यात, तर पेंडशांचे मुर्डी हे लगतच्या दापोली तालुक्यात. १९५० मध्ये बाबासाहेबांनी याच शहरात महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद या नावाने ओळखले जाऊ लागले. हा इतिहास घरातूनच ऐकलेल्या मुलाने खोतांची कादंबरी हाती घेतल्यावर असा प्रश्न विचारला नसता तरच नवल.

या प्रश्नाला सरळ उत्तर देणे प्राप्त आहे. पेंडसे खोतांचे गुणगान करीत नाहीत. त्यांचा माज, त्यांची वासना, त्यांचा ऱ्हास ते निर्ममपणे दाखवितात. पण कुळे येतात ती बहुधा खोतांच्या गोष्टीला आवश्यक तेवढीच येतात आणि अंगणातून परत जातात. घराण्याचा ऱ्हास स्वभावातून आणि नियतीतून उलगडत जातो. धान्याचा खंड आणि वेठ यांच्या हिशोबातून तो उलगडत नाही. कायदा होऊन जवळजवळ चार दशके झाल्यावर प्रसिद्ध झालेल्या कादंबरीबाबत ही मर्यादा ठळकपणे नोंदविणे आवश्यक आहे. 'गारंबीचा बापू'मध्ये, सर्वांचा विरोध पत्करून राधेशी संसार मांडणाऱ्या नायकामुळे, गावाच्या उतरंडीला निदान एक तडा जातो. 'तुंबाडचे खोत' अधिक विस्तृत आहे, अधिक समर्थही आहे, पण तिची दृष्टी ओटीवरूनच अंगणाकडे जाते.

लक्षात घेण्याची बाब अशी की, हा आक्षेप ज्याने घेतला त्याला कादंबरी आवडली होती. दोन्ही खंड त्याने संपविले होते. न आवडलेल्या पुस्तकावर इतका नेमका आक्षेप घेता येत नाही. आस्वादक समीक्षा म्हणजे अभ्यासाच्या अलीकडची, हौशी पायरी, अशी जी धारणा विद्यापीठीय वर्तुळात आहे, तिचा फेरविचार येथे करावा लागतो.

यादीबाहेरचे कोकण

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या वाचनयाद्यांची अपूर्णता जाणवली. 'कोकणातील कथात्म साहित्य' म्हटले की पेंडसे, दळवी, खानोलकर, कर्णिक ही नावे ओळीने येतात. 'सहावं बोट' (१९८८) या संग्रहाच्या कथाकार उर्मिला पवार रत्नागिरी जिल्ह्यातील असूनही त्यांची कथा दलित साहित्याच्या व स्त्रीवादी साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत जाते, प्रादेशिक साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही. 'आयदान' (२००३) या त्यांच्या आत्मकथनाचेही तेच. वर्गीकरणाच्या सोयीने एकाच जिल्ह्याचे असे दोन तुकडे झाले आहेत. याउलट साने गुरुजींची 'श्यामची आई' दापोली तालुक्यातील पालगडची असूनही तिला कोणी प्रादेशिक म्हणत नाही. मराठवाड्यातील बहुतेक मुलांनी वाचलेले कोकणातले पहिले पुस्तक तेच असते, आणि ते कोकणातले आहे हे कित्येकांना महाविद्यालयात आल्यावर कळते.

प्रवीण दशरथ बांदेकर यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' या कादंबरीला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यानंतर आजच्या दक्षिण कोकणाकडे काही विद्यार्थी वळले आहेत. तिच्या वाचनाविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

गेल्या सत्रात उर्मिला पवारांची 'कवच' ही कथा वर्गात वाचली. आंबे विकणारी आई आणि तिला उद्देशून होणारे द्व्यर्थी विनोद ऐकणारा तिचा शाळकरी मुलगा, एवढाच तिचा ऐवज. रत्नागिरीचा आंबा म्हणताच खुलणारा वर्ग वाचन संपल्यावर गप्प होता. नंतर जाधववाडीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईची मुलगी टेबलाजवळ आली आणि या लेखिकेची आणखी पुस्तके ग्रंथालयात आहेत का, असे तिने विचारले. एकच प्रत होती, तीही संदर्भ विभागात. ती तिच्या नावावर काढून दिली.