रिकामे डालगे : पाळीव जनावराच्या शोकाची मराठी परंपरा आणि नवापूरची कोंबडी

प्रस्तावना

भारतीय काव्यविचारात कवितेचा उगम एका पक्ष्याच्या मृत्यूशी जोडलेला आहे. क्रौंचाच्या जोडीतील एकाला निषादाचा बाण लागतो आणि वाल्मीकींच्या मनातील शोक श्लोकरूपाने प्रकट होतो, अशी कथा रामायणाच्या बालकांडात येते. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त याच कथेचा आधार घेतला. भरताने 'नाट्यशास्त्रा'त शोक हा करुणरसाचा स्थायीभाव मानला. पदव्युत्तर वर्गांमध्ये ही चर्चा नेहमी होते. तथापि माणसाने स्वतः पाळलेल्या, दाणा-पाणी घातलेल्या जनावराच्या मृत्यूचा शोक मराठी साहित्याने कसा हाताळला, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये 'बर्ड फ्लू'चा प्रादुर्भाव झाल्याचे जाहीर झाले. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच ५ एन १ या विषाणूवर शिक्कामोर्तब केले. भारतातील पाळीव पक्ष्यांमधील हा पहिलाच अधिकृत उद्रेक होता. पुढील काही दिवसांत अडीच लाखांच्या आसपास पक्षी मारून पुरण्यात आले. त्यांत व्यापारी पोल्ट्रीतील कोंबड्या होत्या, तशाच आदिवासींच्या अंगणातील गावठी कोंबड्याही होत्या. या घटनेची नोंद पशुवैद्यकशास्त्र, प्रशासन आणि अर्थकारण या अंगांनी झाली. शोकाच्या अंगाने तिचा विचार झाला नाही. प्रस्तुत लेखात पाळीव जनावराच्या शोकाची मराठी परंपरा तीन कलाकृतींच्या आधारे तपासून, त्या परंपरेत नवापूरच्या कोंबडीला कोणते स्थान मिळू शकते याचा विचार केला आहे.

भाषेची साक्ष

कोणत्या जनावरासाठी शोक करणे उचित आहे, हे साहित्याच्या आधी भाषा ठरवते. 'बैल गेला आणि झोपा केला' या म्हणीत उपरोध आहे. परंतु बैल जाणे ही घरावरची आपत्ती आहे हे त्या उपरोधात गृहीत धरलेले आहे. बैलाला पोळ्याचा दिवस आहे. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवले जात नाही, त्याला पुरणपोळीचा घास भरवला जातो. खानदेशातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनीही पोळ्यावर कविता रचली. बैलाला असा सण आहे, नाव आहे आणि कवितेत जागाही आहे.

याउलट, 'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही' या म्हणीत कोंबडा केवळ दृष्टांतापुरता येतो. 'खुराडे' हा शब्द माणसाच्या घराला लावला की तो अवहेलनेचा होतो. कोंबडीला वर्षात एकही सण नाही. उलट सणाच्या दिवशी तिच्याच मानेवर सुरी येते. ती आकाराने लहान, किमतीने हलकी आणि शेवटी ताटात जाणारी. म्हणून तिच्या मरणाने कोणी रडावे, हे सर्वसाधारण मराठी वाचकाला हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. हा संभवच प्रस्तुत चर्चेचे कारण होय.

मोरी गाय, नारबा आणि टिंग्या

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातील 'मोरी गाय' ही रात्र या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ही गाय आईच्याच हाताला धार देते. तिचा मृत्यू हा घरातील एका व्यक्तीचा मृत्यू म्हणून सांगितला जातो. साने गुरुजींच्या लेखनावर भावविवशतेचा आक्षेप नेहमी घेतला जातो. परंतु येथे भावनेला एक अतिशय ठोस आधार आहे, तो म्हणजे हाताच्या ओळखीचा. विशिष्ट हाताखेरीज दूध न देणाऱ्या जनावराच्या जागी दुसरे जनावर आणता येत नाही. शोकाचे मूळ या 'बदली नसण्या'त आहे.

आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत हीच जाणीव व्यापक होते. नारबा हा मळ्यावरचा गडी आहे. त्याला स्वतःचे घर-संसार नाही. मळ्यातील जनावरे हाच त्याचा गोतावळा. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि हा गोतावळा विखुरत जातो. संपूर्ण निवेदन नारबाच्या बोलीत असल्याने माणूस आणि जनावर यांत भेद करणारी प्रमाणभाषेची चौकट येथे गळून पडते. कादंबरीची समीक्षा बहुधा यांत्रिकीकरण विरुद्ध कृषिसंस्कृती या सूत्राने होते. ते सूत्र बरोबर असले तरी अपुरे आहे. नारबाच्या शोकातील खरा पेच असा की, ज्यांच्यासाठी तो झुरतो त्यांतील एकही जनावर त्याच्या मालकीचे नाही. विक्रीचा निर्णय मालकाचा आणि पैसाही मालकाचा. नारबाच्या वाट्याला फक्त रिकामा गोठा येतो.

मंगेश हाडवळे यांच्या 'टिंग्या' (२००८) या चित्रपटात ही जागा एका लहान मुलाकडे आली आहे. जायबंदी झालेला चितंग्या बैल खाटकाला देण्यावाचून बापापुढे मार्ग नाही, कारण पेरणीचे दिवस अंगावर आले आहेत. शेजारच्या आजारी म्हातारीला घरचे लोक जपतात, मग बैलाला का नाही, हा टिंग्याचा सवाल आहे. मुलाच्या तोंडी घातलेल्या या प्रश्नाला मोठ्यांच्या जगात उत्तर नाही. बाप येथे निर्दय नाही, तो कर्जबाजारी आहे. चित्रपटाचे मोठेपण बापाला खलनायक न करण्यात आहे.

या तिन्ही कलाकृती एकत्र पाहिल्या असता एक साम्य ठळकपणे दिसून येते. शोक करणारी व्यक्ती आणि निर्णय घेणारी व्यक्ती येथे एक नाही. आई ही कर्जात बुडालेल्या घरातील स्त्री, नारबा हा गडी आणि टिंग्या हे मूल. तिघांनाही जनावराविषयी निर्णय घेण्याची सत्ता नाही. मात्र त्याला सांभाळण्याचे काम त्यांनी केले आहे. मराठी साहित्याने पाळीव जनावराच्या शोकाचा अधिकार मालकाला न देता सांभाळणाऱ्याला दिला, असे यावरून म्हणता येते.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या 'महेश' या बंगाली कथेशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. गफूर हा महेश बैलाचा मालकही आहे आणि सांभाळणाराही. दुष्काळ, दारिद्र्य आणि संताप यांच्या भरात त्याच्याच हातून महेश मरतो. गोभक्तीचे धडे देणारा ब्राह्मण मात्र पेंढ्याची एक काडीही देत नाही. पूज्यभाव आणि प्रेम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे शरच्चंद्रांनी दाखवून दिले. कोंबडीच्या बाबतीत पूज्यभावाचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून तिच्यावरील प्रेमाचा विचार अधिक निखळपणे करता येतो.

नवापूर : घराच्या रीतीबाहेरचे मरण

गुजरातच्या सीमेवरील नवापूर तालुका आदिवासीबहुल आहे. आदिवासी घरात गावठी कोंबडी बहुधा स्त्रीच्या देखरेखीखाली असते. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवणे, पिलांना घार-मांजरापासून राखणे, संध्याकाळी सर्वांना मोजून डालग्याखाली झाकणे ही कामे तिची. अडीनडीला आठवड्याच्या बाजारात एखादी कोंबडी विकून तेल-मिठाची सोय होते. पाहुणा आला तर कोंबडी कापली जाते. देवाचा मान म्हणूनही कोंबडी दिली जाते.

म्हणजे या घरात कोंबडीचे मरण नवे नाही. मग शोक कशाचा, असा आक्षेप येथे घेता येईल. त्याचे उत्तर मरणाच्या प्रकारात आहे. देवाला दिलेली, पाहुण्यासाठी कापलेली आणि बाजारात विकलेली कोंबडी या तिन्ही वेळी घराच्या कोणत्या ना कोणत्या नात्यात खर्ची पडते. कोणती द्यायची आणि कोणती राखायची हे घर ठरवते. अंड्यावर बसलेली कोंबडी सहसा कोणी कापत नाही. २००६ साली झालेले मरण या तिन्हींत बसणारे नव्हते. बाधित केंद्राभोवतीच्या तीन किलोमीटरच्या परिघात गावोगाव पथके फिरली. पिले, खुडूक कोंबड्या, कोंबडे अशी निवड तेथे शक्य नव्हती. मारलेले पक्षी खड्ड्यात पुरले गेले. ते ना देवाला पोचले, ना ताटात आले, ना बाजारात गेले. परिघात सापडलेल्या घरात डालगे तेवढे उरले.

ही कारवाई अनावश्यक होती असे येथे सुचवायचे नाही. विषाणू पक्ष्यांतून माणसात येऊन जीवघेणा ठरू शकतो, हे आशियातील इतर देशांत तोपर्यंत दिसून आले होते. २००६ च्या या उद्रेकात भारतात एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही, यामागे तातडीच्या कारवाईचा वाटा नाकारता येत नाही. परंतु एखादी कृती आवश्यक असणे आणि तिच्यामुळे झालेले दुःख खरे असणे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. 'टिंग्या'तील बापाची अडचण खरी आहे, म्हणून मुलाचे रडणे खोटे ठरत नाही.

नुकसानभरपाई आणि शोक

शासनाने मारलेल्या पक्ष्यांसाठी नगावर भरपाई दिली. भरपाई योग्यच होती. तिच्या भाषेची मर्यादा मात्र लक्षात घ्यावी लागते. भरपाईत एक पक्षी दुसऱ्या पक्ष्याच्या बरोबरीचा असतो. 'मोरी गाय' या प्रकरणातील शोकाचे मूळ नेमके याच्या उलट, बदली नसण्यात आहे. शिवाय भरपाई मालकाला मिळते, तर शोक सांभाळणाऱ्याला होतो. नारबाच्या बाबतीत जे घडले ते येथे निराळ्या रीतीने घडले.

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाजमान्यता न मिळालेल्या शोकाची संकल्पना मांडली. ज्या शोकाला विधी नाही, सांत्वनाला येणारे कोणी नाही आणि जो उघड बोलूनही दाखवता येत नाही, असा हा शोक होय. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्याचे एक परिचित उदाहरण मानले जाते. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. त्यानंतर लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी कंब्रिया परगण्यातील ५४ व्यक्तींकडून दीड वर्ष साप्ताहिक रोजनिश्या लिहून घेतल्या. शेतकऱ्यांबरोबर प्रत्यक्ष कारवाईत काम करणाऱ्यांनाही त्या साथीचा दीर्घकाळ मानसिक त्रास झाल्याचे त्यांतून पुढे आले. लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेले हे दफ्तर साहित्याच्या अभ्यासकालाही मोलाचे आहे. मारणाऱ्याचाही शोक असू शकतो, ही गोष्ट एरवी कोणत्याही अहवालात आली नसती.

शोक कोणी सांगावा?

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. नंदुरबार जिल्ह्यातीलच भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता प्रसिद्ध आहे. व्यासपीठावरून आदिवासींना त्यांचेच दुःख समजावून सांगणाऱ्यांचा तिने घेतलेला समाचार समीक्षेलाही लागू पडतो. नवापूरच्या स्त्रियांना काय वाटले असेल याचे कल्पनारम्य वर्णन करणे म्हणजे पुन्हा त्याच व्यासपीठावर चढणे होय. हा शोक मावची, कोकणी किंवा भिलोरी बोलीत, त्यांच्याच तोंडून यावयास हवा. 'गोतावळा'चे यश बोलीच्या निवडीत आहे, हा धडा येथे पुन्हा उपयोगी पडतो.

क्रौंचवधाच्या कथेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले असता तिची एक बाजू खटकू लागते. त्या कथेत पक्ष्याला मारणारा निषाद हा वनवासी आहे आणि शोक करणारा ऋषी आहे. करुणेची भाषा एकाकडे आणि बाण दुसऱ्याकडे, अशी वाटणी कवितेच्या प्रारंभीच झाली. नवापूरमध्ये ही वाटणी उलटली. येथे पक्षी सांभाळणारा वनवासी होता आणि त्याचे पक्षी इतरांनी मारले. परंतु त्याच्या शोकाचा श्लोक झाला नाही. कारण शोक करणारा म्हणून त्याची ओळख परंपरेला नव्हतीच.

निष्कर्ष

१. मराठी साहित्यातील पाळीव जनावराचा शोक प्रामुख्याने गाय-बैलाभोवती केंद्रित आहे. सण, नाव आणि कष्टातील भागीदारी यांमुळे त्याला मान्यता मिळाली.

२. 'श्यामची आई', 'गोतावळा' आणि 'टिंग्या' या कलाकृतींत शोकाचा अधिकार मालकीतून येत नाही, तो सांभाळण्यातून येतो. या कसोटीवर अंगणातील कोंबडी आणि तिला राखणारी स्त्री या परंपरेत पूर्णपणे बसतात.

३. खाद्य म्हणून पाळलेल्या जीवाविषयी शोक असू शकत नाही, हा समज नवापूरच्या संदर्भात टिकत नाही. शोक केवळ मरणाचा नव्हता, मरणाच्या ठरलेल्या रीती मोडल्याचाही होता.

४. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूर परिसरात पुन्हा बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव होऊन पक्षी मारावे लागले. म्हणजे ही एकदाच घडून गेलेली आपत्ती नाही. २००६ मध्ये डालगे झाकणाऱ्या अनेक स्त्रिया आज वृद्ध झाल्या आहेत, तर त्या वेळची लहान मुले आज कर्ती झाली आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकडून, त्यांच्याच घरच्या बोलीत, या आठवणींचे संकलन करून घेतल्यास एक मौलिक दफ्तर उभे राहील. ते काम आणखी लांबले तर त्या आठवणी सांगणारी पिढी उरणार नाही, आणि नवापूरच्या कोंबडीची नोंद केवळ भरपाईच्या यादीतील एक नग एवढीच राहील.