भुयार, पाताळ आणि लेणे : अद्भुतातील संभाव्यतेचा प्रश्न

अद्भुत साहित्याविषयी आपल्याकडे एक समज रूढ आहे. जेथे काहीही घडू शकते, तेथे विश्वसनीयतेचा प्रश्नच उद्भवत नाही, असा तो समज. परिणामी अद्भुतकथा एकतर बालसाहित्याच्या खात्यात टाकली जाते, किंवा रूपक म्हणून तिचा अर्थ लावून तिच्या प्रत्यक्ष रचनेकडे पाठ फिरवली जाते. ॲरिस्टॉटलने मात्र शक्य परंतु न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य परंतु संभाव्य वाटणारी घटना काव्यात अधिक ग्राह्य मानली होती. भूमिगत विश्वाची रचना हे या भेदाचे चांगले परीक्षास्थळ आहे, कारण जमिनीखाली वस्ती आहे असे म्हणताक्षणी पाणी, हवा, उजेड आणि अन्न यांचा हिशेब द्यावा लागतो.

हा हिशेब सर्वांत निष्ठुरपणे मागितला गेला तो साहित्यात नव्हे, एका खेळात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. यात एक जण विश्व रचून त्याचे वर्णन करतो आणि इतर जण पात्रांच्या भूमिका घेऊन त्यात शिरतात. कादंबरीचा वाचक लेखकाने उघडलेल्या दारातूनच आत जातो. खेळाडू मात्र न दाखवलेले दार शोधतो. या भट्टीचा धूर कोठे जातो, हे राक्षस एरवी काय खातात, असे तो विचारतो, आणि उत्तर न मिळाल्यास ते विश्व तेथेच कोसळते. १९७८ मध्ये गायगॅक्सने पाताळप्रवासाची जी खेळ-पुस्तके काढली, त्यांत भुयारी वाटांची मुख्य, दुय्यम आणि तिसऱ्या दर्जाची अशी वर्गवारी आहे, त्या वाटांवरून ये-जा करणारे व्यापारी आहेत, पहारे आहेत. खेळ म्हणून या पुस्तकांकडे दुर्लक्ष करणाऱ्या समीक्षकाने एवढे तरी लक्षात घ्यावे की येथे अवकाश हा केवळ पार्श्वभूमी राहत नाही. तोच कथानक घडवतो.

मराठी कल्पनाविश्वात भूमिगत अवकाशाची दोन रूपे ठळक आहेत, आणि ती एकमेकांना भेटत नाहीत. पहिले भुयार. पेणजवळचा सांकशी असो वा रोह्याजवळचा अवचितगड, किल्ला म्हटला की त्याच्या पोटातून एक भुयार निघते आणि दूर कोठेतरी उघडते, असे सांगणारा कोणी भेटतोच. पण या भुयारात कोणी राहत नाही. ती निव्वळ वाट आहे, वेढ्यातून निसटण्याची इच्छा दगडात कोरलेली. दुसरे रूप पाताळाचे. येथे वस्ती आहे, वैभव आहे, राजा आहे, पण तेथे जाण्याची वाट मात्र कथाकार सहसा सांगत नाही. एकाला अंतर्भाग नाही, दुसऱ्याला प्रवेशद्वार नाही.

तरीही पुराणकाराला आपण समजतो तेवढा भोळा मानू नये. भागवताच्या पाचव्या स्कंधात अतल ते पाताळ असे सात लोक एकाखाली एक, प्रत्येकी दहा हजार योजनांच्या अंतराने मांडले आहेत. तेथे सूर्य पोहोचत नाही, हे तो विसरत नाही. उजेड नागांच्या फण्यांवरील मण्यांचा आहे. सूर्य नाही म्हणून दिवस-रात्रीची विभागणी नाही, आणि काळाचे भयही नाही. रहिवाशांना जरा-व्याधी नाही, कारण त्यांच्या आहारात दिव्य औषधी आणि रसायने आहेत. एका अभावातून पुढचे सारे तर्काने निघत जाते. विश्वरचना म्हणतात ती हीच.

या मांडणीतील सुतलात बळी राहतो, आणि येथे प्रश्न तर्काचा न राहता सत्तेचा होतो. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) बळी-वामनाची कथा जेत्यांनी केलेल्या आक्रमणाचा इतिहास म्हणून वाचली. त्या वाचनानंतर पाताळ हे केवळ खालचे ठिकाण उरत नाही. खाली ढकलले गेलेल्यांचे ते ठिकाण होते. गायगॅक्सच्या पाताळातही काळ्या कातडीची, स्वभावतःच दुष्ट अशी एक जमात आहे. २०२० मध्ये या खेळाच्या प्रकाशकांना अशा चित्रणाचा फेरविचार जाहीर करावा लागला. धुराची वाट चोख आखणाऱ्या रचनाकाराला, ही माणसे खाली का आली, हा प्रश्न पुरेसा पडला नव्हता. माझ्या मते संभाव्यतेची ही बाजू पहिल्या बाजूइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्याविषयी फुल्यांकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

भुयार आणि पाताळ यांना जोडणारे तिसरे रूप आपल्या अंगणात आहे. कथाकारांनी त्याचा फारसा उपयोग केलेला नाही एवढेच. सह्याद्रीचा कातळ लाव्हारसाचा. चुनखडीच्या प्रदेशात पाणी दगड विरघळवून मैलोगणती गुहा तयार करते, तसे या काळ्या पाषाणात होत नाही. ज्यूल व्हर्नच्या १८६४ मधील पाताळप्रवासापासून चालत आलेली अथांग गुहा कोकणात आणून बसवली, की ती उसनी वाटते ती यामुळेच. येथे खडकाच्या पोटात जागा हवी असेल तर ती कोणीतरी घण-छिन्नीने खोदली पाहिजे, आणि कोणीतरी तिचा खर्च उचलला पाहिजे.

रोह्याच्या दक्षिणेला, मांदाडच्या खाडीजवळ कुडे येथे २६ बौद्ध लेण्यांचा समूह आहे. त्यांतील शिलालेख म्हणजे एका खडकातील वस्तीचा जमाखर्च. महाभोज मांदव खंदपालित याचा लेखनिक शिवभूती येथे दाता आहे. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. वैद्य आहे, माळी आहे, उपासकांच्या बायका आहेत. शेजारी पावसाचे पाणी साठवणारी टाकी, ज्यांना पश्चिम भारतातील शिलालेख ‘पोढी’ म्हणतात. खोलीत निजण्यासाठी दगडातच सोडलेला ओटा. लेणे छतापासून खाली खोदत आणायचे, म्हणजे परांची बांधावी लागत नाही. अर्धवट सोडलेल्या लेण्यांत ही रीत दिसते. कल्पित भूमिगत राज्य रचणाऱ्याने यातून शिकावे ते हे, की अशी वस्ती वरच्या जगापासून तुटलेली नसते. खाडीतून येणारा माल, घाटावरचा पैसा आणि आषाढातला पाऊस यांवरच ती जगते. मात्र ही यादी दात्यांची आहे, खोदणाऱ्यांची नव्हे. त्या निघालेल्या डबराचे काय केले आणि तो कोणाच्या डोक्यावरून वाहून नेला, हे लेख सांगत नाहीत. तेथे कथाकाराला जागा आहे.

आधुनिक मराठी कथेत हा हिशेब पूर्णपणे मांडलेला मला एकाच ठिकाणी आढळतो : जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘पिंगळावेळ’मधील (१९७७) ‘स्वामी’ या कथेत. एका प्रवाशाला मठाच्या भूमिगत खोलीत कायमचे कोंडून स्वामीपद दिले जाते. या कथेवर अस्तित्ववादी आणि आध्यात्मिक अंगांनी बरीच चर्चा होऊ शकते, पण तिची भयकारकता मुळात स्थापत्याची आहे. गरजा भागवण्याची व्यवस्था निर्दोष आहे, हवा येण्याची वाट आहे, आणि त्या वाटेकडे झेपावणारा वेल अखेरीस कथेचा सारा अर्थ पेलतो. हवेची सोय लेखकाने गृहीत धरून सोडून दिली असती, तर वेलाला वर जायला वाटच उरली नसती. प्रतीक येथे तपशिलातून उगवते.

लोककथेनेही हे काम आपल्या पद्धतीने केले आहे. महाराष्ट्रात अनेक गावांच्या तळ्यांविषयी वा टाक्यांविषयी एकच कथा सांगतात : लग्नकार्याला भांडी हवी असली की काठावर जाऊन मागणी करायची, भांडी वर येत, कार्य उरकले की ती परत सोडायची. पुढे कोणीतरी एक भांडे ठेवून घेतले आणि देणे थांबले. खाली कोण राहतात, ते कसे दिसतात, याविषयी कथा बहुधा गप्प असते. पण ते उसनवारी करतात, मोजून घेतात आणि फसवणूक ओळखतात, इतके आपल्याला कळते. खालच्यांना वरच्यांशी व्यवहार असल्यामुळे ते खरे वाटतात, आणि तो व्यवहार वरच्यांनी मोडला, हेही कथा लपवत नाही.